विश्लेषण : एकमेकांना न मानणाऱ्या दोन सरकारांमध्ये बोलणी घडवणारे कू चेन-फू कोण होते?

मुंबईत ऑक्टोबर २०२४ मध्ये तैवानचे एक कार्यालय सुरू झाले. तिथे व्हिसाचे अर्ज घेतले जातात, कागदपत्रांची पडताळणी होते, व्यापारासाठी कंपन्यांना मदत मिळते. वाणिज्य दूतावासात जे काम चालते, त्यातले बहुतेक सगळे. पाटीवर मात्र दूतावास हा शब्द नाही. 'तैपेई इकॉनॉमिक अँड कल्चरल सेंटर' असे साधे, एखाद्या सांस्कृतिक मंडळाला शोभेल असे नाव आहे. तरीही चीनने त्यावर हरकत घेतलीच.

भारताचे तैवानशी अधिकृत राजनैतिक संबंध नाहीत. त्यामुळे तैपेईमध्येही भारताचा दूतावास नाही. तिथे १९९५ पासून 'इंडिया-तैपेई असोसिएशन' काम करते. कागदोपत्री ही एक संस्था, प्रत्यक्षात दोन सरकारांमधला दुवा. जगातले अनेक मोठे देश तैवानशी असाच व्यवहार करतात.

यातला सगळ्यात अवघड व्यवहार मात्र तैवान आणि चीन यांच्या आपसातला. दोघेही एकमेकांचे सरकार मानत नाहीत. मग मच्छीमार पकडले गेले, वारसाहक्काचा वाद झाला, नोंदणी पत्र हरवले, तर बोलायचे कोणी आणि कोणत्या नात्याने? या प्रश्नाचे उत्तर म्हणून जी संस्था उभी राहिली, तिचे पहिले अध्यक्ष होते कू चेन-फू. ते सिमेंट कंपनीचे प्रमुख होते आणि पेकिंग ऑपेराचे हौशी गायक. ३ जानेवारी २००५ रोजी त्यांचे निधन झाले.

वडिलांनी उघडलेला दरवाजा

कू यांचा जन्म ६ जानेवारी १९१७ रोजी तैपेईमध्ये झाला. तेव्हा तैवान ही जपानची वसाहत होती. १८९५ मध्ये चीनच्या छिंग राजवटीने युद्ध हरल्यावर हे बेट जपानला देऊन टाकले होते.

त्याच वर्षी कू यांच्या वडिलांचे नाव तैवानच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. कू सिएन-रोंग हे लुगांग या बंदरगावचे व्यापारी. जपानी फौज बेटावर उतरली तेव्हा तैपेईमध्ये लुटालूट सुरू होती. शहरातल्या व्यापाऱ्यांच्या वतीने ते जपान्यांना भेटायला गेले आणि त्यांना शहरात घेऊन आले. शहर वाचले, असे काही जण म्हणतात. शहर विकले, असे काही जण म्हणतात. बदल्यात त्यांना मीठ, कापूर, अफू अशा मालाच्या व्यापारात सवलती मिळाल्या, जमिनी वाढल्या. १९३४ मध्ये जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात नेमले गेलेले ते पहिले तैवानी ठरले.

म्हणजे दोन सत्तांच्या मध्ये उभे राहून बोलणी करणे आणि त्यासाठी दोन्हीकडून बोल खाणे, हे या घराला नवे नव्हते.

वडील १९३७ मध्ये गेले. मुलाने १९४० मध्ये तैपेईच्या शाही विद्यापीठातून पदवी घेतली आणि पुढच्या शिक्षणासाठी तो टोकियोला गेला. जपानी भाषा त्याला मातृभाषेसारखी येत होती. पुढे चाळीस-पन्नास वर्षे जपानी उद्योगपतींशी तैवानचे व्यवहार सांभाळताना हीच भाषा कामी आली.

तुरुंगातून सिमेंटकडे

१९४५ मध्ये जपान हरला आणि तैवान चीनच्या राष्ट्रवादी सरकारकडे, म्हणजे चियांग काय-शेक यांच्या कुओमिंतांग पक्षाकडे आला. जपानी अमलात मोठी झालेली घराणी एका रात्रीत संशयित ठरली. युद्ध संपताना काही जपानी अधिकाऱ्यांसोबत तैवान स्वतंत्र घोषित करण्याचा बेत केल्याचा आरोप कू यांच्यावर ठेवला गेला. १९४६ मध्ये त्यांना अटक झाली आणि पुढे तुरुंगवासाची शिक्षा.

ज्या माणसाला तैवान वेगळा काढण्याच्या आरोपाखाली शिक्षा झाली, त्यालाच पंचेचाळीस वर्षांनी चीनशी बोलायला पाठवले गेले. इतिहासाची ही गंमत कू यांच्या बाबतीत फार वेळा दिसते.

सुटल्यावर ते काही काळ हाँगकाँगला राहिले. १९४९ मध्ये येन चो-युन यांच्याशी त्यांचे लग्न झाले. येन या यान फू यांच्या नात. हक्सले आणि ॲडम स्मिथ यांना चिनी भाषेत आणणारे यान फू चीनमध्ये आजही आदराने ओळखले जातात. त्याच वर्षी चीनमध्ये कम्युनिस्ट जिंकले आणि चियांग यांचे सरकार, सैन्य आणि लाखो माणसे समुद्र ओलांडून तैवानला आली. दोन्हीकडची सरकारे आपणच संपूर्ण चीन असल्याचे सांगू लागली. तैवानच्या सामुद्रधुनीची रुंदी सर्वांत अरुंद ठिकाणी साधारण १३० किलोमीटर आहे. पुढची जवळपास चार दशके तेवढ्या अंतरावर अधिकृतपणे एक पत्रही गेले नाही.

कू तैवानला परतले ते जमीन सुधारणांच्या काळात. १९५३ मध्ये 'कसेल त्याची जमीन' या धोरणाखाली सरकारने जमीनदारांकडून जमिनी घेतल्या. मोबदल्याचा ७० टक्के भाग धान्याशी जोडलेल्या रोख्यांत आणि ३० टक्के भाग चार सरकारी कंपन्यांच्या शेअर्समध्ये दिला गेला. त्यातली एक तैवान सिमेंट. अनेक जमीनदारांनी हे शेअर कागदाचे तुकडे समजून मिळेल त्या भावाला विकले. कू यांच्या घराण्याकडे बरीच जमीन होती, त्यामुळे शेअरही बरेच आले. त्यांनी ते विकले नाहीत. कंपनी खासगी झाल्यावर ते तिच्या व्यवस्थापनात शिरले आणि १९७३ मध्ये अध्यक्ष झाले.

त्याआधी तैवानचा शेअर बाजार उभा राहिला तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षही तेच होते. १९६१ पासून तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी तैवानच्या प्रमुख उद्योग संघटनेचे नेतृत्व केले. ज्या पक्षाच्या सरकारने तुरुंगात टाकले, त्याच कुओमिंतांगच्या सर्वोच्च समितीवर ते पुढे बसले.

घरातला दुसरा धागा नेमका उलट दिशेने गेला. त्यांचे सावत्र भाऊ कू क्वांग-मिंग जपानमध्ये राहून तैवानच्या स्वातंत्र्याच्या चळवळीचे नेतृत्व करत होते. एक भाऊ सत्ताधारी पक्षाच्या बैठकीत, दुसरा त्याच सरकारच्या काळ्या यादीत.

मान्यता गेली, मग कारभार कसा चालला?

१९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांतली चीनची जागा बीजिंगकडे गेली. १९७२ मध्ये जपानने आणि १९७९ मध्ये अमेरिकेने तैवानशी अधिकृत संबंध तोडून बीजिंगशी जोडले. तैपेईतले दूतावास एकामागून एक बंद झाले. पण जहाजे थांबली नाहीत, मालही थांबला नाही.

यावर पहिला उपाय जपानने काढला. १९७२ मध्येच दोन्ही बाजूंनी एकेक 'खासगी' संस्था स्थापन केली. दूतावासातले अधिकारी रजेवर किंवा निवृत्त म्हणून दाखवायचे आणि या संस्थेत कामाला लावायचे. अमेरिकेने १९७९ मध्ये स्वतंत्र कायदाच करून 'अमेरिकन इन्स्टिट्यूट इन तैवान' उभारली. झेंडा नाही, राजदूत नाही, पण व्हिसा आहे, करार आहेत.

या दिवसांत कू यांच्यासारख्या उद्योगपतींचे महत्त्व वाढले. मंत्र्याला जिथे जाता येत नव्हते तिथे कंपनीच्या अध्यक्षाला जाता येत होते. जपानसोबतच्या आणि पॅसिफिक भागातल्या उद्योजकांच्या परिषदांना ते वर्षानुवर्षे जात राहिले. नाव व्यापाराचे, काम देशाचे.

चीनशी मात्र काहीच नाही. संपर्क नाही, वाटाघाटी नाहीत, तडजोड नाही, असे तैवान सरकारचे तीन नकारांचे धोरणच होते.

एक विमान आणि दोन बोटी

हे धोरण पहिल्यांदा हलले ते एका वैमानिकामुळे. ३ मे १९८६ रोजी तैवानच्या चायना एअरलाइन्सचे मालवाहू बोइंग ७४७ बँकॉकहून हाँगकाँगला येत होते. वैमानिकाला चीनमधल्या आपल्या घरच्यांना भेटायचे होते. त्याने विमान सरळ ग्वांगझोला नेले. आता विमान आणि उरलेले दोन कर्मचारी परत आणायचे कसे? अखेर हाँगकाँगमध्ये दोन विमान कंपन्यांचे अधिकारी समोरासमोर बसले. सरकारे बोलत नाहीत, कंपन्या बोलतात, असा पवित्रा घेतला गेला. चार दिवसांत प्रश्न सुटला.

पुढच्या वर्षी तैवानने लष्करी कायदा उठवला आणि नोव्हेंबर १९८७ पासून नातेवाइकांना भेटण्यासाठी चीनमध्ये जायला परवानगी दिली. १९४९ मध्ये तरुण सैनिक म्हणून आलेली माणसे आता साठी-सत्तरीची झाली होती. काहींची बायको तिकडे वाट पाहत होती, काहींनी इकडे दुसरा संसार थाटला होता. ती गावाकडे जाऊ लागली आणि त्यांच्यामागून कागदांचा डोंगर उभा राहिला. लग्न खरे कोणते? मुलगा खरा कोणाचा? तैवानमध्ये वारलेल्या सैनिकाची शिल्लक फुजियानमधल्या भावाला द्यायची, पण तो भाऊच आहे हे कोण प्रमाणित करणार? एकमेकांच्या शिक्क्याला किंमत नव्हती.

त्याच वेळी चीनमधून चोरून येणाऱ्यांची संख्याही वाढली. पकडलेल्यांना परत पाठवण्याची अधिकृत वाट नव्हती. तैवानचे सैन्य जप्त केलेल्या मासेमारी बोटींमध्ये त्यांना बसवून समुद्रात सोडून देई. जुलै १९९० मध्ये 'मिन पिंग यू ५५४०' ही बोट फुजियानच्या किनाऱ्याला लागली. मासे ठेवायच्या कप्प्यांची झाकणे वरून खिळे ठोकून बंद केलेली होती. आत २५ जण गुदमरून मेलेले सापडले. तीन आठवड्यांनी, १३ ऑगस्टला, अशाच माणसांना नेणारी 'मिन पिंग यू ५२०२' तिच्यासोबतच्या तैवानी युद्धनौकेला धडकली. आणखी २१ जण गेले.

या ४६ मृत्यूंनंतर दोन्हीकडच्या रेड क्रॉस संघटना सप्टेंबर १९९० मध्ये किनमेन बेटावर भेटल्या आणि माणसांना परत पाठवण्याची पद्धत लिखित स्वरूपात ठरली. पण प्रत्येक प्रश्नाला रेड क्रॉस पुरणार नव्हता. कायमची यंत्रणा हवी होती.

एसईएफ म्हणजे नेमके काय?

२१ नोव्हेंबर १९९० रोजी तैपेईत 'स्ट्रेट्स एक्स्चेंज फाउंडेशन' म्हणजे एसईएफ स्थापन झाली. ९ मार्च १९९१ पासून तिचे काम सुरू झाले. ७३ वर्षांच्या कू यांना अध्यक्ष केले गेले.

कायद्याने हे एक खासगी प्रतिष्ठान. पण निधीतला मोठा वाटा सरकारचा, उरलेला उद्योगपतींचा. सरकारच्या मेनलँड अफेअर्स कौन्सिलने लेखी अधिकार दिला तरच एसईएफने चीनशी बोलायचे, आणि दिला तेवढ्याच विषयावर. तैवानी माध्यमांनी तिला पांढरा हातमोजा म्हटले: हात सरकारचा, पण स्पर्श हातमोज्याचा. पंचाईत झाली तर सरकारला हात झटकता येतात आणि ठरलेले मात्र पाळले जाते.

चीननेही १६ डिसेंबर १९९१ रोजी आपला हातमोजा शिवला. 'असोसिएशन फॉर रिलेशन्स अक्रॉस द तैवान स्ट्रेट्स' हे तिचे लांबलचक नाव, थोडक्यात अराट्स. अध्यक्ष वांग दाओहान. शांघायचे माजी महापौर आणि चीनचे सर्वोच्च नेते जियांग झेमिन यांचे जुने मार्गदर्शक. कू यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे. दोघांनाही ऑपेराचा नाद, दोघांनाही पुस्तकांचा. निवड करणाऱ्यांनी स्वभाव पाहून केली असावी, असे वाटण्याइतका हा योग जुळला.

अडले कुठे? एका वाक्यावर

ऑक्टोबर १९९२ च्या अखेरीस दोन्ही संस्थांचे अधिकारी हाँगकाँगमध्ये बसले. विषय होता नोटरीने प्रमाणित केलेले कागद एकमेकांनी कसे मानायचे, इतकाच. पण चीनचा आग्रह होता की करारात 'एक चीन' हे तत्त्व यावे. तैवानची अडचण अशी की कोणता चीन? बैठक निष्फळ झाली. मग पत्रव्यवहारातून वाट निघाली: प्रत्येकाने आपापल्या परीने तोंडी भूमिका मांडावी, करारात काही लिहू नये.

हेच ते पुढे गाजलेले '१९९२ ची सहमती'. गंमत म्हणजे हे नाव १९९२ मधले नाहीच. ते २००० मध्ये एका तैवानी अधिकाऱ्याने तयार केले. कू यांना स्वतःला सहमती हा शब्द अचूक वाटत नव्हता. त्यांच्या मते एकमेकांची अडचण समजून घेऊन पुढे जाणे, एवढेच तेव्हा घडले होते. आज या एका शब्दावर निवडणुका लढवल्या जातात, हे पाहता त्यांची ही काटेकोर वृत्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सिंगापूर १९९३ : हस्तांदोलन आणि टपाल

२७ एप्रिल १९९३ रोजी सिंगापूरमध्ये कू आणि वांग भेटले. दोघेही पंचाहत्तरी ओलांडलेले. १९४९ नंतर दोन्ही बाजूंच्या इतक्या वरच्या प्रतिनिधींची ही पहिली उघड भेट. जागा तिसऱ्या देशातली, कारण कोणीही दुसऱ्याच्या घरी गेल्यासारखे दिसायला नको होते. लांब टेबलाच्या दोन बाजूंनी वाकून केलेल्या हस्तांदोलनाचे छायाचित्र जगभर छापले गेले. तैवानमधल्या विरोधकांना मात्र ही भेट म्हणजे बेट विकण्याची सुरुवात वाटत होती. कू यांना वडिलांची आठवण करून देणारे त्यात होतेच.

दोन दिवसांनी सह्या झालेले चार कागद वाचले तर कोणाला जांभई येईल. एक नोटरीच्या कागदांविषयी, एक नोंदणी पत्रांविषयी, एक पुढच्या बैठकांच्या वेळापत्रकाविषयी आणि एक एकत्रित निवेदन. युद्ध, शांतता, सार्वभौमत्व यांचा उल्लेख नाही. खरी करामत याच रूक्ष मजकुरात होती.

नोटरीचा करार घ्या. समजा, फुजियानमधल्या एका बाईला तैवानमध्ये वारलेल्या वडिलांचा वारसा हवा आहे. ती तिथल्या नोटरीकडून जन्माचा दाखला प्रमाणित करून घेते. त्याची एक प्रत तिच्या हातात. दुसरी प्रत चीनमधली नोटरी संघटना थेट टपालाने एसईएफकडे पाठवते. तैपेईत अर्ज आला की एसईएफचा कर्मचारी दोन्ही प्रती शेजारी ठेवतो. जुळल्या तर शिक्का. बँकेचा ओटीपी जसा वेगळ्या वाटेने आपल्या फोनवर येतो, तशीच ही तपासणी. तैवानच्या सरकारने चीनच्या सरकारचा शिक्का मान्य केला, असे कुठेही होत नाही. एका संघटनेने दुसऱ्या संघटनेचा कागद पडताळला, एवढेच होते. वारसा, दत्तक, लग्न, जन्म, मृत्यू, शिक्षण, मालमत्ता असे विषय यात आले.

नोंदणी पत्रांच्या करारातले एक कलमही असेच हुशार. पत्र हरवले तर भरपाई जिथून पाठवले त्या बाजूने आपल्या ग्राहकाला द्यायची. दोन्ही बाजूंनी आपसात पैशांचा हिशेब करायचा नाही. हिशेब केला असता तर दोन टपाल खात्यांमध्ये खाते उघडावे लागले असते, आणि खाते उघडणे म्हणजे पुन्हा मान्यतेचा प्रश्न.

बैठकांचेही ठरले. दुसऱ्या फळीचे प्रमुख सहा महिन्यांनी, त्याखालचे दर तीन महिन्यांनी भेटतील. वरचे दोघे गरजेनुसार.

हातमोजा उसवू लागला

वर्षभरही गेले नाही तोच पहिला धक्का बसला. ३१ मार्च १९९४ रोजी चीनमधल्या च्यानदाओ सरोवरात एक पर्यटक बोट जळालेली सापडली. त्यात २४ तैवानी पर्यटकांसह ३२ जण मेले होते. स्थानिक यंत्रणेने आधी अपघात म्हणून सांगितले, नंतर तो दरोडा आणि खून असल्याचे उघड झाले. मृतांच्या नातेवाइकांना माहिती नीट मिळाली नाही. एसईएफने विचारणा केली, पण समोरच्याला उत्तर द्यायचे नसेल तर अशा संस्थेकडे काही हत्यार नसते. तैवानमध्ये चीनविरोधी लोकमत झपाट्याने वाढले.

जून १९९५ मध्ये तैवानचे राष्ट्राध्यक्ष ली तेंग-हुई अमेरिकेत आपल्या जुन्या विद्यापीठात, कॉर्नेलला गेले. चीन भडकला. त्याच उन्हाळ्यात बीजिंगमध्ये ठरलेली कू-वांग यांची दुसरी भेट रद्द झाली. तैवानजवळच्या समुद्रात क्षेपणास्त्रे पडली. मार्च १९९६ मध्ये तैवानच्या पहिल्या थेट अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर पुन्हा पडली. अमेरिकेने विमानवाहू नौकांचे दोन ताफे पाठवले.

या काळात कू यांना आणखी एक चमत्कारिक काम मिळाले. अपेक या गटात तैवान 'चायनीज तैपेई' या नावाने सदस्य आहे, पण चीनच्या विरोधामुळे त्याचा राष्ट्राध्यक्ष नेत्यांच्या बैठकीला जाऊ शकत नाही. १९९५ मध्ये ओसाका, १९९६ मध्ये फिलिपिन्समधले सुबिक आणि १९९७ मध्ये व्हँकुव्हर, तिन्ही वेळा ली यांच्या जागी कू गेले. राष्ट्रप्रमुखांच्या ओळीत एक उद्योगपती, आणि त्याच ओळीत जियांग झेमिन.

शांघायची ती भेट

१४ ऑक्टोबर १९९८ रोजी, साडेपाच वर्षांनी, कू शांघायमध्ये वांग यांना पुन्हा भेटले. या वेळी जागा तिसऱ्या देशातली नव्हती. दोन वृद्धांनी एकत्र बसून ऑपेरा पाहिला. पुढे बीजिंगमध्ये १८ ऑक्टोबरला जियांग झेमिन यांनी कू यांची भेट घेतली.

गोड बोलून परत यायचे, एवढेच कू यांनी केले नाही. तैवानमध्ये लोकशाही आहे, चीनमध्ये ती आल्याशिवाय एकत्र येण्याचा विचार होऊ शकत नाही, हे त्यांनी यजमानांच्या घरात बसून मांडले. शांतपणे, पण न वगळता. चीनच्या माध्यमांनी ऑपेरा आणि हस्तांदोलन जास्त दाखवले.

भेटीतून चार मुद्द्यांवर एकमत झाले. राजकीय विषयांसह संवाद, देवाणघेवाण वाढवणे, लोकांच्या जीविताशी आणि मालमत्तेशी संबंधित प्रकरणांत मदत, आणि चौथा मुद्दा म्हणजे वांग योग्य वेळी तैवानला येतील.

कू यांनी पाहुण्यांची तयारी सुरू केली. १९९९ च्या शरद ऋतूत वांग येणार होते. ९ जुलैला ली तेंग-हुई यांनी एका जर्मन वाहिनीच्या मुलाखतीत दोन्ही बाजूंचे नाते हे देशादेशांमधले विशेष नाते असल्याचे सांगितले. चीनच्या दृष्टीने ही सरळ फाळणीची भाषा. एसईएफचे अध्यक्ष म्हणून कू यांनी लेखी खुलासा पाठवला. अराट्सने तो परत केला. दोन्ही किनाऱ्यांमध्ये नोंदणी पत्रे सुरू करणाऱ्या माणसाचा स्वतःचा कागद असा साभार परत आला.

वांग तैवानला कधीच आले नाहीत.

शेवटची वर्षे

२००० मध्ये स्वातंत्र्याकडे कल असलेल्या पक्षाचे चेन श्वे-ब्यान राष्ट्राध्यक्ष झाले. बीजिंगने १९९२ च्या सहमतीची अट घातली आणि एसईएफचा फोन वाजेनासा झाला. कू अध्यक्षपदी राहिले, पण करायला फारसे काही उरले नव्हते. कागद मात्र पडताळले जात होते.

८८ वा वाढदिवस तीन दिवसांवर असताना ते गेले. त्याच महिन्यात, चांद्र नववर्षासाठी, तैवान आणि चीन यांच्यात दोन्हीकडची विमाने पहिल्यांदा विनाथांबा उडाली. ती बोलणी मकाऊमध्ये हवाई उद्योगाच्या संघटनांनी केली होती. एसईएफला त्यात बाजूला ठेवले गेले. १९८६ मध्ये विमान कंपन्यांनी जे केले होते, तिथेच गाडी परत आली होती.

२ फेब्रुवारी २००५ रोजी तैपेईतल्या शोकसभेला चीनहून दोन जण आले. सुन याफू आणि ली याफेई. दोघेही अराट्सचे वरिष्ठ पदाधिकारी, पण ते वांग दाओहान यांचे वैयक्तिक प्रतिनिधी म्हणून आले असे जाहीर झाले. त्यांनी कू यांच्या पत्नीचे सांत्वन केले आणि राजकीय चर्चा न करता परत गेले. वांग स्वतः आजारी होते. त्याच वर्षी २४ डिसेंबरला तेही गेले.

आज ही यंत्रणा कुठे आहे?

२००८ मध्ये तैवानमध्ये सत्ता बदलली आणि दोन्ही संस्था पुन्हा बोलू लागल्या. नोव्हेंबरमध्ये अराट्सचे नवे अध्यक्ष चेन युनलिन तैपेईला आले. वांग यांची राहिलेली भेट दहा वर्षांनी दुसऱ्याने पूर्ण केली. थेट विमाने, थेट जहाजे, टपाल, गुन्हेगारांचे प्रत्यार्पण, व्यापार असे २३ करार २०१५ पर्यंत झाले. २०१६ मध्ये पुन्हा सत्ता बदलली आणि चीनने पुन्हा दार लावले. एसईएफ निरोप पाठवत राहते, पलीकडून उत्तर येत नाही. व्हॉट्सॲपच्या भाषेत सांगायचे तर निळ्या टिक दिसतात, रिप्लाय नाही.

दार बंद असण्याची किंमत फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा दिसली. किनमेनजवळ तैवानच्या तटरक्षक दलाने पाठलाग केलेली एक चिनी स्पीडबोट उलटली आणि दोन मच्छीमार बुडून मेले. मृतदेह घरी पोहोचवण्यासाठी दोन्ही बाजू बेटावर भेटत आणि फिस्कटत राहिल्या. ३० जुलैला समझोता झाला. साडेपाच महिने दोन शव शीतगृहात होते. १९९० चा करार जिथे झाला, तेच हे बेट.

सिंगापूरच्या चार कागदांपैकी बैठकांचे वेळापत्रक आज कोणी पाळत नाही. नोटरीचा करार मात्र चालू आहे. चीनमधल्या प्रांतांतून दुसऱ्या प्रती तैपेईत एसईएफच्या कार्यालयात येतात आणि खिडकीवर कोणाचा तरी जन्माचा, लग्नाचा किंवा मृत्यूचा दाखला तिच्याशी ताडून पाहिला जातो.